टेकडीच्या ट्रामवरच्या हेगेलेबाई

हेगेलेबाई आमच्या घरी आल्या की बसत नसत. मी खुर्ची पुढे करायची, त्या "हो, हो" म्हणायच्या आणि खिडकीशी उभ्या राहून कॉफी प्यायच्या. एका हातात कप, दुसऱ्या हाताने खिडकीची चौकट घट्ट धरलेली. घर कुठल्या क्षणी वळण घेईल याचा नेम नाही, अशा बेताने. त्या स्टुटगार्टच्या ट्रामवर कंडक्टर होत्या. युद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा ट्रामवर बायका भरल्या, त्यात त्या लागल्या. पुरुष परतल्यावर बाकीच्या बायकांना घरी पाठवलं. हेगेलेबाईंनी साहेबाला सांगितलं, "मी शेवटच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढलंय." आणि राहिल्या.

बुटक्या, रुंद खांद्यांच्या, निळा गणवेश, डोक्यावर टोपी, कमरेशी चामड्याची पिशवी, आणि बूट असे लखलखीत की मला माझ्या चपलांची लाज वाटायची. आवाज मात्र त्यांच्या उंचीच्या दुप्पट माणसाचा. गाडी टेकडी चढायला लागली की त्या थांब्यांची नावं घ्यायच्या, आणि डुलक्या घेणारे म्हातारे दचकून जागे व्हायचे.

त्यांची माझी ओळख झाली ती आमच्या दोघींच्या मुली एका शाळेत होत्या म्हणून. पन्नासचं दशक संपत आलं होतं. माझे यजमान तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. दीड वर्षाने मी सांगलीहून सात वर्षांच्या वृंदाला घेऊन पोचले. घराजवळच्या सरकारी शाळेच्या हेडमास्तरांनी वृंदाकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं आणि जागा नाही म्हणून सांगितलं. ह्यांच्या प्रोफेसरांची टेकडीवरच्या एका खासगी शाळेत ओळख होती. त्यांच्या चिठ्ठीवर वृंदाला प्रवेश मिळाला. मोठी बाग, लाकडी जिने, वकील-डॉक्टर-कारखानदारांची मुलं. पहिल्या दिवशी वृंदाने विचारलं, "आई, इथे आपल्यासारखं कुणीच नाही का गं?" मी म्हटलं, "असेल कुणीतरी." मला काहीच माहीत नव्हतं.

होती एक. वृंदाच्याच वर्गात, तिच्याहून वर्षाने मोठी मोनिका. गव्हाळ रंग, दाट कुरळे केस, हिरवट डोळे, आणि बोलायला लागली की अस्सल स्वाबियन, म्हणजे त्या मुलखातली बोली. हेगेलेबाईंची मुलगी. तिचा बाप अमेरिकन सैन्यातला काळा सैनिक होता, हे मला पुढे कळलं. त्याने लग्नाची परवानगी मागितली होती. वरच्या साहेबाने नाकारली आणि महिन्याभरात त्याची बदली करून टाकली. हे सगळं हेगेलेबाईंनी मला एकदाच सांगितलं, ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर, गाडी सुटायला चार मिनिटं होती तेव्हा. चार मिनिटांत संपवलं आणि घंटेची दोरी ओढली.

पहिली पालकसभा मला आठवते. मी ओव्हरकोट न काढता तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या डावीकडे दोन खुर्च्या रिकाम्या, उजवीकडे दोन रिकाम्या, आणि मागे मात्र लोक उभे. तेवढ्यात दार उघडलं आणि गणवेशातल्या हेगेलेबाई आत आल्या. दारातल्या कारकूनबाईने जरा मोठ्यानेच म्हटलं, "फ्रॉइलाइन हेगेले, तुम्ही उशिरा आलात." त्या उभ्या रांगेकडे एक नजर टाकून सरळ माझ्या शेजारी येऊन बसल्या. (तिथे बसल्या, कारण तिथे कुणी बसत नव्हतं. खुर्चीबद्दलचा त्यांचा नियम एवढ्यासाठी मोडत असे.) मी हात जोडले, मग आठवण होऊन एक हात पुढे केला, आणि पाठ केलेलं शुभ संध्याकाळचं वाक्य म्हटलं, "गुटन आबेंड, फ्राउ हेगेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते पाहतच राहिल्या.

माझ्या लेखी साधा हिशेब होता. लग्न न झालेली ती फ्रॉइलाइन, आणि जिला मूल आहे ती फ्राउ. मुलीला घेऊन शाळेत येणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? मला काय माहीत, की त्या शाळेत गेलं वर्षभर प्रत्येक जण त्यांना आवर्जून फ्रॉइलाइन म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी त्या शब्दातून त्यांना काहीतरी सुनावत होता! त्यांनी माझं नाव विचारलं. मी गोडबोले म्हटलं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं आणि मग थांब्याचं नाव पुकारावं तसं खणखणीत आवाजात म्हटलं, "गोड-बो-ले!" पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. त्या शहरात माझं आडनाव नीट म्हणणारं ते पहिलं माणूस.

त्याच सभेत एक गृहस्थ उठले. शाळेने प्रवेश देताना विचार करावा, असं म्हणाले. काही मुलांना इथलं वातावरण मानवत नाही, ती आपल्या लोकांत जास्त सुखी असतात वगैरे. हेगेलेबाईंनी शाळकरी मुलीसारखा हात वर केला.

"मला नीट कळलं नाही. परत सांगाल का? जरा हळू."

"म्हणजे... काही मुलं, साधारणपणे..."

"साधारणपणे कुठली?"

"तसं कुणाचं नाव घेऊन मी म्हणत नाही."

"घ्या ना. आम्ही नावं ठेवलीत, ती घेण्यासाठीच. माझीचं मोनिका. ह्यांचीचं काय हो?"

"वृंदा," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्या सभेत सगळ्यांसमोर निघालेला तो एकमेव शब्द. ते गृहस्थ खाली बसले.

ही त्यांची ठरलेली रीत. कुणी आडून आडून बोललं की त्या चिडत नसत, रडत नसत. कळलं नाही म्हणत आणि परत सांगायला लावत. दुसऱ्यांदा तेच वाक्य सावकाश उच्चारताना चांगल्या चांगल्यांची जीभ अडखळायची.

दुसरी एक रीत जरा धाडसाची होती. रस्त्यात, दुकानात बायका मोनिकाच्या केसांत हात घालायच्या. "काय गंमत आहे, लोकरच जशी!" अशा वेळी हेगेलेबाई शांतपणे आपला हात उचलायच्या आणि त्या बाईच्या नुकत्याच कुरळ्या करून घेतलेल्या केसांत घालायच्या. "तुमचेही छान आहेत हो. किती मऊ!" एकदा वाण्याच्या दुकानात हे मी डोळ्यांनी पाहिलं. ती बाई लालबुंद झाली. हेगेलेबाईंनी अर्धा किलो पीठ घेतलं आणि बाहेर आल्या. मी हसू दाबत विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "वाटते ना. साखर घ्यायची राहिलीच बघा." साखर आम्ही पुढच्या दुकानातून घेतली.

मोनिकाला त्या शाळेत प्रवेश कसा मिळाला, ही गोष्ट त्या रंगवून सांगायच्या. शाळेचे डायरेक्टर रोज सकाळी त्यांच्याच ट्रामने टेकडी चढत. सभ्य, अबोल, मिशा पिकलेले गृहस्थ. मोनिका आधी ज्या शाळेत होती तिथे तिला सगळ्यात मागे एकटीला बसवत. एके दिवशी डायरेक्टरांच्या तिकिटाला भोक पाडता पाडता हेगेलेबाईंनी विचारलं, "हेर डिरेक्टर, तुमच्या शाळेत कुणाला घेतात?" पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकाला." दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून हेगेलेबाई मोनिकाला घेऊन त्यांच्या ऑफिसात हजर. "हिला शिकायचंय." आणि भल्या माणसाने शब्द फिरवला नाही. मुलीला मोफत जागा दिली. हेगेलेबाई त्यांना फार मानत. तरी तपासणीतून त्यांना सूट नव्हती. तिकीट दाखवल्याशिवाय त्यांचीही सुटका नसे.

शाळा वाईट नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. आमच्या मुलींना तिथे चित्रं काढायला मिळाली, बासरी मिळाली, बागेत स्वतःचा वाफा मिळाला. पण कुणाच्या मनात काही नसतानाही कितीतरी गोष्टी घडत. मधल्या सुट्टीत मैदानावर एक खेळ चाले. एक जण राज्य घेऊन ओरडायचा, "काळ्या माणसाला कोण भितं?" बाकीचे म्हणायचे, "कुणी नाही!" "आणि तो आला तर?" "तर आम्ही पळतो!" मग पकडापकडी. हा काळा माणूस म्हणजे आपल्याकडचा बागुलबुवा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला खेळ, असं मला शाळेत समजावून सांगण्यात आलं. ते खरंही होतं. पण राज्य रोज मोनिकावर असायचं. वृंदा आल्यावर एक दिवस मोनिका, एक दिवस वृंदा. वृंदाच्या पाळीला ओरडायचं मात्र दुसरंच कुणी, ती नुसती धावायची. मी तक्रारीची चिठ्ठी लिहायचं ठरवलं, ह्यांच्याकडून जर्मन तपासूनही घेतली. हेगेलेबाईंनी ती वाचली आणि घडी करून मला परत दिली. "मुलं चिठ्ठ्या वाचत नाहीत."

पुढच्या आपल्या रजेच्या दिवशी, मधल्या सुट्टीत, त्या पूर्ण गणवेशात, पिशवी आणि शिट्टीसकट मैदानावर जाऊन उभ्या राहिल्या. मला मुद्दाम बरोबर नेलं होतं. खेळ सुरू होणार तोच शिट्टी वाजली. "आज राज्य माझ्यावर. कंडक्टरबाईला कोण भितं?" मुलं गोंधळली. मग एक धीट मुलगा ओरडला, "कुणी नाही!" "आणि ती तिकीट मागायला आली तर?" "तर आम्ही पळतो!" आणि पन्नाशीकडे झुकलेल्या त्या बाई टोपी सावरत, पिशवी खुळखुळवत सगळ्या मैदानभर धावल्या. ज्याला पकडलं त्याच्या मुठीत खरं, भोक पाडलेलं जुनं तिकीट. ते मिळावं म्हणून मुलं आपण होऊन पकडून घ्यायला लागली. घंटा झाली तरी कुणी आत जाईना. दुसऱ्या दिवसापासून तोच खेळ सुरू झाला, आणि राज्य घ्यायला भांडणं. आम्ही ते शहर सोडलं तेव्हाही लहान वर्गातली मुलं तो खेळत होती, आणि तो कुठून आला हे त्यांना माहीत नव्हतं.

पण माझ्या मनात त्यांचं जे स्थान आहे ते वृंदामुळे.

वृंदा घरी अखंड बोलायची. शाळेत तिने सात महिने तोंड उघडलं नाही. एक शब्द नाही. विचारलं की मान खाली. तिच्या वर्गशिक्षिका फ्रॉइलाइन रोटर कडक पण मनापासून शिकवणाऱ्या. त्यांनी सगळं करून पाहिलं. शेवटी शाळेकडून पत्र आलं: ईस्टरच्या सुट्टीनंतर डॉक्टर मुलीला तपासतील, आणि बहुधा तिला हिल्फ्सशूलेत, म्हणजे मतिमंद मुलांच्या शाळेत घालणं तिच्या हिताचं ठरेल. यजमानांनी ते पत्र परत परत वाचलं. मी म्हटलं, "अहो, आपण परत जाऊ या." ते म्हणाले, "आणि तिथे काय सांगू? मुलगी मुकी झाली म्हणून?"

मी पत्र घेऊन ट्रामवर गेले. हेगेलेबाईंनी ते चढणीवर, एका हाताने दांडा धरून वाचलं. मग म्हणाल्या, "बुधवारी दुपारी पोरीला माझ्याकडे द्या."

"ट्राममध्ये? नियमात बसतं का ते?"

"तिचं तिकीट काढलंत तर बसतं."

पहिले दोन बुधवार वृंदा त्यांच्या पिशवीचा पट्टा धरून नुसती उभी राहिली. वर, खाली, परत वर. हेगेलेबाई तिला काही विचारत नसत, हे मी पाहिलं. थांबे पुकारायच्या, तिकिटं द्यायच्या, आणि मध्येच तिच्या हातात रद्द तिकिटांचा गठ्ठा ठेवायच्या. तिसऱ्या बुधवारी मी मागच्या बाकावर होते. हेगेलेबाईंच्या गळ्याला मफलर. घसा बसलाय, अशी त्यांनी खूण केली. गाडी सुटली. पहिला थांबा जवळ आला तसं त्यांनी तोंड उघडलं, नुसता वारा बाहेर पडला. त्यांनी वाकून वृंदाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सरळ उभ्या राहिल्या. गाडीतली माणसं थांब्याची वाट बघत होती.

"ओल्गाएक!" माझी मुलगी ओरडली. मग आणखी मोठ्याने, "ओल्गाएक! आउसश्टायगे, बिट्टे!"

उतरा, कृपया. एक म्हातारे गृहस्थ टोपी उचलून तिला "धन्यवाद, फ्रॉइलाइन" म्हणाले आणि उतरले. मी रुमालात तोंड लपवलं. त्या दिवशी वर-खाली मिळून प्रत्येक थांबा तिनेच पुकारला.

घसा खरंच बसला होता का, ते मला कधीच कळलं नाही. त्याच संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा जिना झाडायची त्या आठवड्याची पाळी कुणाची यावरून आमच्या खालच्या शेजारणीने मला धरलं होतं. हेगेलेबाईंनी तिला चांगल्या खणखणीत आवाजात कुणाचा आठवडा कधी ते मोजून दाखवलं.

पुढच्या बुधवारी त्यांनी फ्रॉइलाइन रोटरना गाडीवर बोलावून घेतलं. रोटरबाई हॅट घालून शेवटच्या बाकावर ताठ बसल्या. वृंदाची त्यांच्याकडे पाठ होती. ती आपली थांबे पुकारत होती, मध्येच कुणाला तरी सांगत होती की दारात उभं राहू नका. शेवटच्या थांब्यावर रोटरबाई उतरल्या, चष्मा पुसला, परत घातला. मला म्हणाल्या, "फ्राउ गोडबोले, तुमच्या मुलीला जर्मन येतं." मग हेगेलेबाईंकडे वळून, "पण हे उच्चार! हे मला सगळे सुधारावे लागणार."

"सुधारा की," हेगेलेबाई म्हणाल्या. "डॉक्टरचं ते पत्र तेवढं आधी फाडा."

रोटरबाईंनी ते फाडायला लावलं. वर्गात वृंदा लगेच बोलली नाही, पण रोटरबाईंनी आपली युक्ती काढली. रोज सकाळी हजेरी घ्यायचं काम तिला दिलं. थांब्यांसारखी ती मुलांची नावं पुकारायला लागली. एकदा सुरू झाली ती झालीच. पुढे पुढे तर मी मराठीत विचारावं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यावं, असं चालायचं. ह्यांना वाईट वाटायचं. मी म्हणायची, बोलतेय ना, बोलू द्या.

हेगेलेबाईंचं सगळंच चांगलं होतं असं नाही. मोनिकाच्या बाबतीत त्या फार कठोर होत्या. पंच्याण्णव मार्क मिळाले तर पाच कुठे गेले म्हणायच्या. तिचा फ्रॉक, तिची नखं, तिचे बूट यांत उणं काढायला कुणाला जागा मिळू नये म्हणून त्या मुलीला किती जपावं लागायचं! वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला सगळ्या मुलींना बोलावणं आलं, मोनिकाला आलं नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडत बसली. तेवढ्यात हेगेलेबाई आल्या आणि काही न विचारता त्यांनी तिला थोबाडीत मारली. "त्यांच्यासाठी रडायचं नाही. कळलं?" मी मध्ये पडले, मोनिकाला आत घेतलं. थोड्या वेळाने पाहते तर बाई जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. हो, चक्क बसलेल्या. टोपी मांडीवर. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "कसं करायचं ते मला माहीत नाही हो. मऊ ठेवली तर बाहेर मोडेल. कडक केली तर माझ्यापासून तुटेल." मी आत जाऊन शिऱ्याच्या दोन बशा आणल्या. त्यांनी आपली बशी मोनिकाला नेऊन दिली, आणि आतून कितीतरी वेळ दोघींचं हळू बोलणं ऐकू येत होतं.

पाच-सहा वर्षांनी जुने डायरेक्टर निवृत्त झाले आणि नवे आले. त्यांनी आल्या आल्या ठरवलं की मोनिकाला वरच्या वर्गात पाठवू नये. तिला गृहविज्ञानाच्या शाळेत घालावं, स्वयंपाक, शिवण, हाताचं काही काम. गणितात वर्गात पहिली असणारी मुलगी ती! अडचण अशी, की लग्नाशिवाय झालेल्या मुलाचं पालकत्व तिथे तेव्हा आईकडे नसायचं. युगेंडआम्ट म्हणजे मुलांच्या सरकारी कचेरीतला एक अधिकारी कागदोपत्री मोनिकाचा पालक होता. त्याची सही झाली की संपलं. बैठक ठरली. हेगेलेबाई मला म्हणाल्या, "शाळेतली आणखी एक पालक म्हणून तुम्ही चला. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे, तुमचे यजमान आता डॉक्टर आहेत."

यजमान म्हणाले, "जा, पण जपून." ह्यांच्या नोकरीचा करार प्रोफेसरांच्या हातात, आणि प्रोफेसर शाळेच्या समितीवर. मी गेले.

नवे डायरेक्टर गुळगुळीत बोलणारे. अशा मुलींचा पिंडच वेगळा, म्हणाले. त्यांना उष्ण रक्त, त्यांना हातांनी काम करण्यात आनंद, पुस्तकांचा भार टाकणं म्हणजे क्रूरपणा. हेगेलेबाईंनी हात वर केला.

"मला नीट कळलं नाही. परत सांगा. जरा हळू."

आणि त्या माणसाने परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जराही न अडखळता. अशा मुलींचा पिंड. उष्ण रक्त. हेगेलेबाईंचा हात तसाच अर्धवट वर राहिला. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं, त्यातलं क्रियापदसुद्धा मला आठवतंय. मी ते बोलले नाही.

बोलल्या त्या रोटरबाई. त्यांनी पिशवीतून मोनिकाच्या गणिताच्या वह्या काढल्या, एकावर एक सात वह्या, आणि डायरेक्टरांसमोर न ठेवता त्या अधिकाऱ्यापुढे सरकवल्या. "मी या मुलीला सहा वर्षं शिकवते आहे. हेर डिरेक्टर तिला आठ दिवस ओळखतात. आपण स्वतः बघा." अधिकारी वाळकासा, सर्दीने बेजार झालेला मनुष्य. त्याने पहिली वही उघडली, पानं उलटली, दुसरी उघडली. एका उदाहरणावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे हिने स्वतः सोडवलं?" "माझ्यासमोर." तो पुढे वाचत राहिला. खोलीत त्याच्या नाक ओढण्याचा तेवढा आवाज. शेवटी त्याने पेनाचं टोपण लावलं आणि कागद न सही करता डायरेक्टरांकडे परत दिला. "मुलगी इथेच शिकेल."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मला क्षमा करा. मी बोलले नाही."

"बोलायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. समजूत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी तुमच्या जागी असते तर बोलले असते." आम्ही ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. गाडी आली. चढता चढता त्या म्हणाल्या, "रविवारी प्लमचा केक करतेय. वृंदाला घेऊन या. आणि तो तुमचा पिवळा भात आणा." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र त्यानंतर शाळेच्या एकाही सभेत गप्प बसले नाही. माझी विभक्ती चुकायची, लोक हसायचे, पण मी बोलायची. हे त्यांनी मला शिकवलं नव्हतं, रागावूनही नाही, तरी ते त्यांच्याचमुळे आलं.

आम्ही परत आलो त्यानंतर दर नाताळाला त्यांचं कार्ड यायचं, मोठ्या चौकोनी अक्षरात, चार ओळींचं. ट्रामवरचे कंडक्टर काढून टाकले, त्यांना हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत बसवलं. "इथे खुर्ची दिलीय," एवढंच त्यांनी लिहिलं होतं, पण त्यातला राग मला सांगलीत कळला. मोनिका शाळेची शेवटची परीक्षा पास झाली, औषधशास्त्र शिकली, स्वतःचं औषधांचं दुकान चालवायला लागली. आणि मग एका नाताळाला कार्ड आलं ते मोनिकाच्या अक्षरात. तिने आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सविस्तर लिहिलं होतं. मी ते ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, आणि पुरं करू शकले नाही. वृंदाने ते पुढे वाचलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते स्टुटगार्टच्या स्टेशनवर, आम्ही बोटीसाठी जेनोआला निघालो त्या सकाळी. दोन पाळ्यांच्या मध्ये त्या निरोप द्यायला आल्या. हातात वीस मिनिटं होती, त्यातली पंधरा आमची ट्रंक कुठल्या डब्यात चढवावी यावर हमालाशी वाद घालण्यात गेली. उरलेल्या पाच मिनिटांत त्यांनी वृंदाच्या कोटाची बटणं लावली आणि ह्यांच्याशी हस्तांदोलन केलं. माझे दोन्ही हात हातात घेऊन त्या काही बोलणार, तोच त्यांचं लक्ष फलाटावरच्या घड्याळाकडे गेलं. "माझी गाडी!" म्हणून त्या वळल्या आणि झपाझप चालायला लागल्या. आमची गाडी सुटायची होती अजून. पोचवायला आलेलं माणूसच आधी निघून गेलं, आणि आम्ही खिडकीतून त्यांच्या पाठीला हात हलवत राहिलो.

समोरच्या फलाटावर नुकतीच एक गाडी लागली होती. तिच्या दारात एक तरुण बाई बाळाची चाकांची गाडी घेऊन अडकली होती, खाली उतरता येईना. हेगेलेबाई तिच्यासमोरून पुढे गेल्या, थांबल्या, घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि परत आल्या. बाळाच्या गाडीची पुढची चाकं दोन्ही हातांत उचलून त्या एकेक पाऊल मागे टाकत होत्या. तेवढ्यात आमची गाडी हलली. टोपी जरा तिरकी झालेली, आणि तोंड सारखं हलताना दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं. बहुधा त्या बाईला काहीतरी सुनावत होत्या.